चघळदोरी

दर सोमवारी सकाळचे साडेसात वाजले की वरंडेवाडीच्या माकडघरात दोऱ्या वाटायची वेळ व्हायची. शालन सपकाळ निळा झगा चढवून, हातमोजे आणि तोंडावर पट्टी लावून, हातात परात घेऊन निघायची. परातीत गूळपाण्यात बुडवून वाळवलेल्या वीत-वीतभर सुती दोऱ्या असत. तिच्या पावलांची चाहूल लागली की पाच नंबरच्या शेडमधली सव्वीस माकडं असा गिल्ला करत, की वाडीतल्या लोकांना घड्याळ बघावं लागत नसे. प्रत्येक दोरीला वेगळ्या रंगाचा मणी होता आणि ज्याचा मणी त्याचीच दोरी, हे माकडांना पक्कं ठाऊक होतं. पाण्याच्या टँकरपुढे वाडीतली माणसं इतक्या शहाणपणानं उभी राहिली असती, तर शालनला निम्म्या वेळा रिकामी घागर घेऊन परतावं लागलं नसतं.

माकड पाचेक मिनिटं दोरी चघळायचं आणि गूळ संपला की फेकून द्यायचं. शालन ती चिमट्यानं उचलायची आणि भिंतीतल्या खाचेत सोडायची. खाचेच्या आत ‘वाचक’ होता. दोरीत मुरलेल्या लाळेत कोणकोणत्या विषाणूंची जनुकं आहेत, हे तो वीस मिनिटांत वाचून काढी. काही नसेल तर हिरवा दिवा, काही असेल तर लाल. वाचक येण्यापूर्वी हेच काम म्हणजे जाळं टाका, माकड दाबून धरा, सुई टोचून रक्त काढा, असा प्रकार होता. त्या दिवसांच्या खुणा शालनच्या दोन्ही हातांवर अजून होत्या. सरकारी कागदांवर त्या दोरीला भलंमोठं नाव होतं. शालन तिला चघळदोरी म्हणायची, आणि वर्षभरात कागदांवरही तेच नाव आलं.

माकडघराचं काम आता संपत आलं होतं. लसी आणि औषधं तपासायला जिवंत जनावरं लागेनाशी झाली होती. प्रयोगशाळेत वाढवलेल्या यकृता-फुप्फुसांच्या तुकड्यांवर ते काम भागत होतं. उरलेली सव्वीस माकडं धरणाच्या पाण्यातल्या एका झाडीभरल्या बेटावर सोडायची, असं ठरलं होतं. अट एकच होती. ओळीनं सहा सोमवार सगळे दिवे हिरवे लागले पाहिजेत. कारण माकडांच्या तोंडात एक विषाणू असू शकतो. माकडाला तो फारसा त्रास देत नाही, पण माणसाला लागला तर थेट मेंदू गाठतो. बेटाच्या आसपास मासेमारी करणाऱ्यांच्या वस्त्या होत्या. तिथे असला धोका सोडून यायचं कसं?

पाच सोमवार हिरवे गेले होते. बेटाची राखणदार म्हणून शालनचं नाव लागलं होतं. तिनं तिथे न्यायची ट्रंकसुद्धा भरून ठेवली होती.

सहाव्या सोमवारी वांगी रंगाच्या मण्यापुढे लाल दिवा लागला.

वांगी मणी ठकूचा होता. ठकू म्हणजे कळपातली सगळ्यात म्हातारी माकडीण. सत्तावीस वर्षांची, तोंडात एकही दात नाही, आणि रुबाब मात्र पाटलीणबाईचा. शालननं खाचेवर दोनदा टिचकी मारली, फडक्यानं दिवा पुसला. दिवा लालच राहिला.

डॉ. नाझनीन मुल्ला धावतच आली. कराडची ही पस्तिशीतली मुलगी तीन वर्षांपासून माकडघराची डॉक्टर होती. तिनं पडद्यावरचा अहवाल वाचला, मग पुन्हा वाचला आणि स्टूल ओढून मटकन बसली.

“काय म्हनतंय मशीन?” शालननं विचारलं.

“तोच विषाणू, मावशी. ज्याची भीती होती तोच.”

“मंग आता?”

नाझनीननं मान वर केली नाही. “नियम तुम्हाला माहीत आहे. एकाला असेल तर कळपाला आहे असंच धरायचं. तीन दिवसांत सगळ्यांना झोपवायचं.”

झोपवायचं म्हणजे काय, ते शालनला चांगलंच माहीत होतं. नऊ वर्षांपूर्वी तीन नंबरच्या शेडमधली चाळीस माकडं अशीच झोपवली होती. शालननं प्रत्येकाला शेवटचं केळं आपल्या हातानं दिलं होतं. त्यानंतर कित्येक महिने तिला केळ्याचा वास सहन होत नव्हता.

“पुन्ना बघा की वाचून,” ती म्हणाली. “रगत काढा. मी धरते तिला.”

“रक्तात इतक्या लवकर काही दिसत नाही. आणि दिसलं तरी घोळ होतोच, कारण या घराण्यातले विषाणू एकमेकांसारखे दिसतात.” नाझनीन उठून खिडकीशी गेली. “मला एकच कळत नाही. आला कुठून? चार वर्षांत या शेडमध्ये नवीन जनावर आलेलं नाही. उंदीरसुद्धा आत शिरत नाही.”

“घराणं म्हंजी?”

नाझनीनला समजावून सांगायची सवय होती, आणि शालनला विचारायची. दोघींचं त्यामुळेच जमायचं.

“तुमच्या वाडीत सपकाळांची घरं किती?”

“साठ आसतील.”

“हा वाचक घाईत असतो. तो विषाणूचं आडनाव वाचतो, नाव वाचत नाही. लाळेत सपकाळ सापडला, एवढंच त्याला कळलं. माकडांमध्ये या आडनावाचा एकच जण असतो, म्हणून तो म्हणतो, हा तोच.”

“आन् मानसांत न्हाय का या आडनावाचं कोन?”

“आहे की. ऊन लागलं, ताप येऊन गेला, की ओठावर पुळ्यांचा झुबका उठतो ना? तो त्याचाच भाऊबंद. निम्म्याहून जास्त माणसांत असतो. पण त्याचा इथे संबंध काय? कोण माकडांच्या दोरीला तोंड लावतंय?”

शालनचा हात आपोआप तोंडावरच्या पट्टीकडे गेला. पट्टीच्या आत, खालच्या ओठाच्या कोपऱ्यावर, चार दिवसांपूर्वी उठलेल्या फोडाची खपली होती.

“चहा टाकते,” असं पुटपुटत ती बाहेर पडली. चहा काही तिनं टाकला नाही. ती पाच नंबरच्या शेडमागे, ठकूच्या पिंजऱ्याच्या जाळीला पाठ लावून बसली.

झालं होतं ते असं. पावसाळ्यापासून ठकू दोरी घेईना. तिच्या हिरड्यांना ती कडक दोरी झेपेना. दोरी ओली करून द्यावी तर वाचक ती परत करी, कारण पाण्यानं लाळ पातळ होते. ठकूनं दोरी चघळली नाही तर तिचा सोमवार कोरा जाणार आणि कळप अडकणार. मग शालननं तेच केलं जे तिच्या आईनं आणि आजीनं केलं होतं. वाडीत तान्ह्याला दात नसले की बाया भाकरीचा घास आधी आपण चावून मऊ करतात आणि मग त्याच्या तोंडात घालतात. शालननं शेडमधल्या कॅमेऱ्याकडे पाठ करून पट्टी खाली ओढली, दोरीचं टोक आपल्या दातांनी चांगलं कुटून मऊ केलं, उन्हात पाच मिनिटं सुकवलं आणि ठकूला दिलं. ठकूनं ते मुकाट घेतलं. दुसऱ्या सोमवारी तर ती हात पुढे करून वाटच बघत बसली. शालन चघळत असताना जाळीतून बोट घालून तिच्या हनुवटीला लावायची, जणू लवकर आटप म्हणत होती. शालनला त्याचं फार कौतुक वाटायचं. पट्टी खाली ओढण्यापलीकडे त्यात काही वावगं आहे, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. नियमात ‘तोंड लावू नये’ असं लिहिलं होतं खरं, पण ते माकडाला तोंड लावू नये असं असेल, अशी तिनं आपली समजूत करून घेतली होती.

आता सांगितलं तर काय होणार, हेही तिला कळत होतं. बेट गेलं. अकरा वर्षांची नोकरी बदनाम होऊन गेली. आणि न सांगितलं तर? मागून ठकूनं जाळीतून हात काढला आणि शालनच्या अंबाड्यातली एक केसपिन ओढली. हा तिचा रोजचा चाळा होता. शालनला रडू कोसळलं. ती पाच मिनिटं मनसोक्त रडली, पदरानं डोळे पुसले आणि उठली.

“डॉक्टर,” दारातूनच ती म्हणाली, “त्या दोरीला मी तोंड लावलंय.”

सगळं ऐकून नाझनीनचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला.

“मावशी! अहो, अक्कल गहाण टाकली होती का तुम्ही? तिला खरोखर काही असतं आणि तुमच्याकडून चुकून तिची चघळलेली दोरी तोंडात गेली असती तर? आठ दिवसांत तुम्हाला पोचवायला लागलं असतं!”

“आदी मी चघळायची, मंग ती. उलटं कधी न्हाय केलं.”

“मला विचारायचं तरी! कापूस दिला असता. मऊ, कोरडा कापूस. वाचकाला कापूस चालतो.”

“कापूस,” शालन म्हणाली. “बाई गं.”

अशा वेळी हसू येऊ नये, पण नाझनीनला आलं, आणि पाठोपाठ तिचे डोळेही भरले. मग ती डॉक्टर झाली आणि भरभर बोलू लागली. वाचक मुद्दामच माणसाचं काही वाचत नसे. सहा वर्षांपूर्वी विमा कंपन्या आणि लग्न जुळवणारे लोक चोरून माणसांची जनुकं वाचू लागले होते. तेव्हापासून कायदाच झाला होता. लाळेत माणसाचं, माणसाच्या विषाणूंचं जे जे सापडेल, ते यंत्रानं गाळून टाकायचं. त्यामुळे विषाणूचं नाव गाळलं गेलं होतं आणि दोघा भाऊबंदांत सामाईक असलेलं आडनाव तेवढं मागे राहिलं होतं. गाळणी काढली तर नाव वाचता येणार होतं. पण त्याला त्या माणसाची संमती हवी.

“माझी हाय की,” शालन म्हणाली.

“ऐका आधी. गाळणी काढली की अर्धंमुर्धं वाचता येत नाही. तुमचंही सगळं वाचलं जाणार. कुठली दुखणी अंगात आहेत, कुठली पुढे येऊ शकतात. ते पुसता येत नाही, मोहोरबंद होऊन कायमचं राहतं.”

शालनची आई शेवटची सहा वर्षं सगळं विसरली होती. घर विसरली, जेवण विसरली आणि शेवटी शालनलाही ‘तुमी कुनाच्या?’ असं विचारू लागली होती. हल्ली चष्मा कुठे ठेवला हे आठवेनासं झालं, की शालन सातही वार ओळीनं म्हणून बघायची. आईचं दुखणं आपल्यालाही होणार का, ते त्या यंत्राला कळणार होतं.

“वाचू दे त्याला,” ती म्हणाली. “फक्त मला सांगू नका.”

संचालक दिघेसाहेब मनानं वाईट नव्हते, पण नियमांच्या वहीबाहेर त्यांचं पाऊल पडत नसे. त्यांनी संमतीचं कलम तीनदा वाचलं. “नियमात बसतं,” ते नाखुशीनं म्हणाले. “पण सपकाळबाई, या कागदावर सही केली म्हणजे चूक कबूल केली. त्या क्षणापासून तुम्हाला शेडमध्ये पाऊल टाकता येणार नाही. बेटाचंही मग विसरा.”

शालननं एक एक अक्षर जपून सही केली. मग तिला एक कोरी दोरी देण्यात आली. माकडांच्या दोरीची चव तिला नवी नव्हती. तरी समोर दोघं उभे असताना चघळायची म्हटल्यावर ती लाजून लाल झाली. ती दोरी आणि ठकूची वांगी मण्याची दोरी खाचेत गेल्या आणि यंत्र बोलू लागलं.

“आपली संपूर्ण जनुकीय माहिती वाचण्यास आपली संमती आहे काय?”

“हाय.”

“उत्तर समजले नाही. आपली संमती आहे काय?”

“आरं हाय म्हनलं की!”

“उत्तर समजले नाही.”

शालननं खोल श्वास घेतला. “आहे,” ती शाळेतल्या बाईंसारखी म्हणाली आणि यंत्राचं समाधान झालं.

या वाचनाला वीस मिनिटं नव्हे, दोन तास लागले. दिघेसाहेब येरझाऱ्या घालत होते. शालन व्हरांड्यात पायरीवर बसून होती आणि शेडमधून ठकूचं खडाखडा जाळी हलवणं तिला ऐकू येत होतं. दुपारच्या खाण्याला उशीर झाला होता ना!

नाझनीन बाहेर आली ती हातातला कागद हलवतच. ठकूच्या दोरीवरचा विषाणू माणसाचा होता. नुसता माणसाचा नव्हे, शालनच्या ओठावरचाच, अक्षर न् अक्षर तोच. पुढचे तीन दिवस ठकूला कापसाचा बोळा चघळायला दिला. तिन्ही दिवस दिवा हिरवा लागला. शालनचा विषाणू दोरीवरच राहिला होता, ठकूच्या अंगात त्यानं घर केलं नव्हतं.

सव्वीस माकडं वाचली. आठवड्याभरात ती होडीनं बेटावर गेली. शालननं ते वाडीच्या टेकडीवरून पाहिलं. एवढ्या लांबून पिंजरेच दिसत होते, माकडं दिसत नव्हती. तरी ती शेवटची होडी जाईपर्यंत उभी होती. घरी येऊन तिनं ट्रंक उघडली आणि कपडे परत कपाटात लावून ठेवले. वाईट वाटलंच. नाही कसं वाटणार? पण त्या रात्री ती शांत झोपली, हेही खरं.

नाझनीन मात्र शांत बसली नाही. पुण्याला मोठ्या समितीची बैठक भरली, तिथे तिनं भांडण मांडलं. “सहा आठवडे आपण माकडांना विचारत होतो, तुमच्यापासून आम्हाला काही धोका नाही ना? आमच्यापासून त्यांना काही नाही ना, हे एकदा तरी कुणी विचारलं? शालन सपकाळ चुकली. पण दोरीला तोंड न लावता, नुसतं पिंजऱ्यापुढे शिंकून मीसुद्धा त्यांना आजारी पाडू शकते, आणि ते या यंत्राला दिसणारही नाही. कारण आपणच त्याला आंधळं केलंय.”

समितीला चार महिने लागले. मग नवा नियम आला. माकडांजवळ जाणाऱ्या प्रत्येक माणसानं, स्वतःच्या संमतीनं, रोज सकाळी आधी आपली चघळदोरी द्यायची. यंत्र त्यातले फक्त माकडांना लागू शकणारे विषाणू वाचणार, बाकी सगळं गाळणार. दिवा हिरवा असेल तर आत जायचं. लाल असेल तर त्या दिवशी घरी. पांढऱ्या मण्याची पहिली दोरी दिघेसाहेबांनी चघळली आणि गूळ जरा कमी पडल्याची तक्रार केली.

त्यानंतर एका सकाळी नाझनीन शालनच्या दारात उभी राहिली.

“ट्रंक भरा, मावशी.”

“मला बंदी हाय ना? ते माझ्या अंगातलं गेलं का?”

“ते जात नाही. मज्जातंतूत झोपून राहतं, आणि कधी जागं होईल सांगता येत नाही. पण समितीनं तुमची चूक माफ केलीय, आता जन्माची बंदी नाही. रोज सकाळी दोरी ठरवेल.” नाझनीन थोडी घुटमळली. “आणि तुमचा तो दुसरा अहवाल मोहोरबंद आहे. कधी वाटलं तर…”

“ऱ्हाऊ द्या. ठकूला तरी कुठं ठाव हाय पुढचं? तरी रोज सकाळी गूळ मागतीच की.”

बेटाच्या धक्क्यावर शालननं आपली दोरी चघळली. वीस मिनिटं तिला वीस तासांसारखी गेली. दिवा हिरवा लागला. झगा, हातमोजे, पट्टी असा सगळा जामानिमा करून ती झाडीतल्या चौथऱ्यापाशी गेली, नाझनीन दहा पावलं मागे. आता मध्ये जाळी नव्हती. माकडं फांद्यांवरून एकदम ओरडली आणि मग गप्प झाली. ठकू सावकाश खाली उतरली, आली आणि समोर बसली. पाच महिन्यांत ती आणखी वाळली होती, पण रुबाब तोच होता.

शालननं वांगी मण्याचा कापसाचा बोळा चौथऱ्यावर ठेवला. ठकूनं तो उचलला, हुंगला आणि तोंडात न घालता शालनच्या तोंडापुढे धरला. आधी तू. तिचं सुकलेलं बोट पट्टीवरून शालनच्या हनुवटीला टेकलं.

“मावशी,” मागून नाझनीन हळूच म्हणाली.

“कळतंय मला,” शालन म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता.

तिनं पट्टी काढली नाही. तिनं पट्टीच्या आतच जबडा हलवायला सुरुवात केली. रिकाम्या तोंडानं, जुन्या सवयीनं, जणू काही कडक दोरी कुटतेय. ठकू तिच्या गालांकडे निरखून बघत राहिली. बराच वेळ गेला. मग तिनं मान तिरकी केली, बोळा मागे घेतला, आपल्या बोळक्या तोंडात घातला आणि शालनच्या लयीत चघळू लागली.

दोघी समोरासमोर बसून चघळत होत्या, एक खरंखुरं आणि एक नुसतंच. शालननं डोळे पुसले नाहीत, कारण हातमोजे डोळ्यांना लावायचे नव्हते. ठकूवरची नजर न काढता तिनं विचारलं,

“डॉक्टर, मी हिला फसवलं का ओ आत्ता?”